म्हाळूआप्पांच्या व्हॅनचा पंप

अयुब शेखचं गॅरेज शिरूरला, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक लोखंडी टेबल, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने आणि बाहेर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. वीस वर्षांपूर्वी तिथं सकाळी सातला गाड्यांची रांग लागायची. आता कार्ब्युरेटरच्या गाड्याच मोजक्या उरल्या. नव्या गाड्यांचा पेट्रोलचा पंप टाकीच्या पोटात असतो, विजेवर चालतो आणि बिघडला की अख्खा बदलतात. अयुबनं ते काम शिकून घ्यायचं म्हणून दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा सोडून दिलं. साठी जवळ आली होती. गुडघे दुखत होते. खाली बसलं की उठताना गाडीच्या बंपरला धरावं लागे. बायको, मुमताज, म्हणायची की ईदनंतर शेड बंद करा, आता पुरे. तो हो म्हणायचा आणि सकाळी पुन्हा किल्ली घेऊन निघायचा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी प्राची पहिल्यांदा त्याच्याकडं आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात, डोळे लाल. ती दौंडची. कुरकुंभला औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात रात्रपाळी करायची. वडील, म्हाळूआप्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागत होतं. दौंडला नंबर लागेना, म्हणून मिळाली ती शिरूरची जागा त्यांनी घेतली होती. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते तीन. सकाळी सातला पाळी सुटली की प्राची घरी यायची, वडिलांना जुन्या पेट्रोल व्हॅनमध्ये घालायची आणि साठेक किलोमीटर गाडी हाकत शिरूरला आणायची. त्या दिवशी न्हावऱ्यापासून व्हॅन आचके देत, काळा धूर सोडत कशीबशी पोचली होती. तिनं एवढंच विचारलं, की तीनपर्यंत होईल का.

अयुबनं पुढची सीट उचलली. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. त्यानं आधी ऑइलची पट्टी ओढून नाकाशी धरली. ऑइल खुणेच्या वर चढलं होतं आणि त्याला पेट्रोलचा वास मारत होता. पुढं काही बघायची गरज नव्हती. पंपाचा पडदा फाटला होता.

असल्या इंजिनाच्या डोक्याला एका बाजूला मुठीएवढा पंप बसवलेला असतो. आतली उंचवट्याची चकती, कॅम, फिरली की एक बोटभर सळई पुढंमागं होते, सळई पंपाचा दांडा दाबते आणि दांडा आतला रबरी पडदा हलवतो. पडदा एकदा टाकीतून पेट्रोल ओढतो, एकदा कार्ब्युरेटरकडं ढकलतो. सगळा खेळ त्या सळईच्या चार-पाच मिलिमीटर चालीवर. पडदा चिरला की पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि तसंच चालवत राहिलं तर एक दिवस इंजिन जातं, नाहीतर गाडी पेटते.

अयुबनं पंप काढला, दोन्ही भाग पुन्हा तसेच जुळावेत म्हणून कडेला कानशीची एक रेघ मारली आणि स्क्रू सोडले. पडदा वाळल्या चामड्यासारखा कडक झाला होता, मधोमध चीर. हल्लीच्या पेट्रोलनं जुनं रबर असंच होतं, हे त्यानं त्या वर्षात बऱ्याच गाड्यांत पाहिलं होतं. डब्यात नवा पडदा होता. पंपातले दोन्ही व्हॉल्व धुऊन त्यानं तोंडानं फुंकून पाहिले, ओढून पाहिले. एका बाजूनं वारा जायचा, दुसऱ्या बाजूनं अडायचा, म्हणजे ठीक होते. ऑइल बदललं. पंपाच्या बैठकीपाशी थोडं ऑइल पाझरल्याचा डाग होता. त्यानं विचार केला, एवढं काम केलंच आहे तर हेही कायमचं बंद करू. पंप आणि इंजिन यांच्या मध्ये बसतं ते बाजारातलं पातळ पॅकिंग न घालता त्यानं जाड शीटची दोन पॅकिंगं कापली, एकावर एक ठेवली आणि पंप घट्ट आवळला.

चूक झाली ती इथं. पण ती त्याला कळायला पुढं दीड महिना गेला.

त्या दिवशी व्हॅन छान चालू झाली. कार्ब्युरेटरकडची नळी काढून त्यानं बाटलीत धरली होती, तेव्हा पेट्रोलही बऱ्यापैकी आलं होतं. तीन वाजता प्राची वडिलांना धरून घेऊन आली. म्हाळूआप्पा उंच, हाडापेरानं मोठे, पण आता शर्ट अंगावर लोंबत होता. त्यांनी अयुबला नमस्कार केला, गाडीचा आवाज जरा वेळ ऐकला आणि म्हणाले की आवाज बरा आहे.

दहा दिवसांनी व्हॅन परत आली. गावात नीट चालते, प्राची म्हणाली, पण मोकळ्या रस्त्याला वेग धरला की तीस-चाळीस किलोमीटरनंतर आचके देते आणि बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. अयुबनं पंपाकडं पाहिलंसुद्धा नाही. पंप त्यानं स्वतः केला होता. त्यानं टाकी उतरवली, धुतली, तळाचा गाळ तिला दाखवला, फिल्टर बदलला. पुढचे चार फेरे बरे गेले. उन्हं वाढली तशी व्हॅन पुन्हा बंद पडू लागली. या वेळी त्यानं कार्ब्युरेटर उघडून साफ केला आणि काही सापडलं नाही तेव्हा तिला विचारलं, चोक ओढलेला राहतो का, वरच्या गिअरमध्ये गाडी रेटता का, रात्रभर जागून चालवता, लक्ष कुठं असतं. तसं तो रागानं म्हणाला नव्हता. थकलेला होता आणि सकाळपासून पाठ धरली होती, एवढंच. प्राचीनं उलट उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, बघते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, परतताना व्हॅन पारगावच्या पुलावर बंद पडली.

ते अयुबला शुक्रवारी कळलं. वडिलांना डायलिसिसला बसवून प्राची गॅरेजवर चालत आली. व्हॅन बाहेर रस्त्याच्या कडेला होती. ती टेबलाशेजारच्या स्टुलावर बसली. अयुबनं पाणी दिलं. ते पिऊन तिनं सांगितलं.

दुपारचे साडेचार वाजले होते. पूल अरुंद, मागं ट्रक, सगळे हॉर्न वाजवत होते. ती एकटीच उतरून व्हॅन ढकलू लागली. वडिलांना तिनं आतच बसा म्हणून बजावलं होतं, पण पोरगी एकटी ढकलते आहे हे त्यांना बघवेना. ते उतरले आणि मागनं हात लावला. डायलिसिसनंतर त्यांचं ब्लडप्रेशर उतरलेलं असतं, पायात बळ नसतं. चार पावलांवर ते कोसळले. डाव्या हातावर पडले, आणि सुया टोचतात तिथली पट्टी सुटली. तिथली शीर मुद्दाम मोठी केलेली असते. रक्त थांबेना. तिनं ओढणीची घडी घालून दाबून धरली आणि तशीच पुलावर बसून राहिली. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्यानं दोघांना उचलून केडगावच्या दवाखान्यात नेलं. व्हॅन दुसऱ्या दिवशी चुलतभावानं आणली. आता वडील बरे होते, पण हात काळानिळा झाला होता आणि आज सुई टोचायला सिस्टरला अर्धा तास लागला.

हे सगळं तिनं हळू आवाजात, जमिनीकडं बघत सांगितलं. मग मान वर करून म्हणाली, "चाचा, तुम्हाला जमत नसंल तर तसं सांगा. मला राग न्हाई यायचा. म्हंजी मी दुसरीकडं बघीन. पर मला आता खरं काय ते सांगा."

चाळीस वर्षांत त्याच्याशी लोक भांडले होते, एकदा एकानं पानाही उगारला होता. पण असं कुणी विचारलं नव्हतं. कपड्याला हात पुसत तो उभा राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"मला अजून कळलं न्हाई," तो म्हणाला. "ह्ये खरं. गाडी हितं उभी करून मला कळायचं न्हाई. आज तुमच्याबरूबर दौंडपातूर येतो. बंद पडंल तितं बघतो."

प्राची म्हणाली, चला.

साडेतीनला ते निघाले. म्हाळूआप्पा मागच्या सीटवर आडवे झाले होते, उशाला चादरीची घडी, डावा हात छातीवर. कोपरापासून मनगटापर्यंत निळा-पिवळा डाग पसरला होता. अयुब पुढं बसला. पायाशी पान्यांची पिशवी, एक रिकामी बाटली आणि हातभर रबरी नळी. उन्हाची झळ खिडकीतून आत येत होती आणि सीटखालून इंजिनाची.

अयुब तिचं चालवणं बघत होता. चोक आत होता. क्लचवर पाय ठेवून ती बसत नव्हती. गिअर वेळेवर बदलत होती, खड्डा दिसला की मागच्या माणसाला हिसका बसू नये म्हणून आधीच वेग कमी करत होती. झोप येत होती तिला, ते दिसत होतं. मधूनच ती डोळे ताणून उघडायची आणि गालावर आतून दात धरायची. पण गाडी ती बहुतेक ड्रायव्हरांपेक्षा चांगली चालवत होती. अयुबनं मान वळवून बाहेर बघायला सुरुवात केली.

न्हावरे मागं पडलं. रस्ता मोकळा मिळाला, काटा साठाच्या वर गेला आणि सात-आठ किलोमीटरवर पहिला आचका बसला. प्राचीनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तसंच चालू दे म्हणून खूण केली. आणखी दोन आचके, मग इंजिनाची ताकद एकदम गेली आणि व्हॅन आपसूक मंदावत रस्त्याकडंच्या लिंबाखाली जाऊन थांबली. मागून म्हाळूआप्पांनी विचारलं, काय झालं. प्राची म्हणाली, काही नाही आप्पा, पडून राहा.

अयुबनं सीट उचलली. इंजिन तापलेलं होतं, म्हणून तो थोडा वेळ नुसता बसला. गरम इंजिनाशेजारी पेट्रोल उघडं करायचं नसतं. बऱ्याच वेळानं त्यानं ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढून ठेवली, कार्ब्युरेटरकडं जाणारी नळी सोडवली, तिला रबरी नळी जोडून दुसरं टोक खिडकीबाहेर धरलेल्या बाटलीत सोडलं. प्राचीला सेल्फ मारायला सांगितलं. बाटलीत धार यायला हवी होती, प्रत्येक फेऱ्याला एक जोराची पिचकारी. आलं ते थुंकल्यासारखं, थेंब-थेंब.

मग त्यानं टाकीकडची नळी काढली आणि पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवला. पंप चांगला असला की अंगठा ओढून धरतो, सोडवून घ्यावा लागतो. इथं नुसती गुदगुली झाल्यागत झालं. तरी मनाची खात्री करायला त्यानं बाटलीत जमलेलं घोटभर पेट्रोल पंपाजवळ धरून थेट त्यातूनच पंपाला ओढायला लावलं. तेच. म्हणजे टाकी नाही, नळ्या नाहीत, फिल्टर नाही. पंपच.



सीटच्या कडेला गुडघा टेकून त्यानं पंप काढला. गुडघ्यातून कळ आली, पण त्याला ती आत्ता जाणवत नव्हती. पंप उघडला. पडदा नवा, अखंड. व्हॉल्व स्वच्छ. फुंकून पाहिले, ठीक. मग सळई बाहेर काढून बघितली. दोन्ही टोकं गुळगुळीत, झिजलेली नव्हती. सळई परत घालून त्यानं पंप बैठकीजवळ नेला आणि तिथंच हात थांबला. बैठकीवर दोन काळी, जाड पॅकिंगं चिकटलेली होती. त्याच्या हातानं कापलेली. एक कड किंचित तिरपी गेलेली, कारण त्या दिवशी कात्री बोथट होती, तेही त्याला आठवलं.

पॅकिंग जितकं जाड, तितका पंप सळईपासून लांब. चार-पाच मिलिमीटरची चाल, त्यातली दोन त्यानं स्वतः खाऊन टाकली होती. उभ्या गाडीला उरलेली चाल पुरायची. गावातही पुरायची. रस्त्याला इंजिन भुकेजलं, वर ऊन, की पंपाला तेवढं पोचवता यायचं नाही. टाकीत दोष नव्हता. पेट्रोलमध्ये नव्हता. पोरीत तर नव्हताच.

मागं म्हाळूआप्पांचा श्वास ऐकू येत होता. रस्त्यानं उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली. त्याला वाटलं, काही न बोलता पॅकिंग बदलावं, जुनी दोन खिशात घालावीत आणि सांगावं की पंपात जरा घाण होती. या दोघांना कधीच कळलं नसतं. असं त्यानं उभ्या आयुष्यात कधी केलंच नव्हतं असंही नाही.

त्यानं ब्लेडनं दोन्ही पॅकिंगं खरवडून काढली. पिशवीत पातळ पॅकिंग पेपर होता. त्याचा तुकडा पंपाच्या बैठकीवर धरून हातोडीच्या गोल तोंडानं कडांवर हलकेच ठोकत गेला, तसा कागद बरोबर आकारात कापला गेला. एकच घातला. पंप बसवला. अंगठा ठेवून प्राचीला सेल्फ मारायला लावला. या वेळी पंपानं अंगठा ओढून धरला. बाटलीत धार नळी हलवण्याइतक्या जोरात आली.

"ह्ये बघ," तो म्हणाला आणि जुनी दोन पॅकिंगं तळहातावर धरली. "ही मी घातलेली. फेब्रुवारीत. एक पातळ पायजे हुतं, मी दोन जाड घातली, ऑइल गळू नये म्हणून. त्यानं पंपाची चाल कमी झाली. दीड महिना गाडी बंद पडत हुती ती माझ्यामुळं. आप्पा पडले ते बी माझ्यामुळं. तुझी कायबी चूक न्हवती."

प्राचीनं ते तुकडे हातात घेतले, एकावर एक ठेवून बोटांत दाबून पाहिले. तिला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. पण ती स्टिअरिंगवर हात टाकून बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज न करता ती रडली, रडायलाही अंगात जोर नसल्यासारखी.

"मला वाटलं माझंच कायतरी चुकतंय," ती म्हणाली. "तुम्ही म्हणला हुतात ना, रात्रभर जागून चालवता, लक्ष कुठं असतं म्हणून. पुलावरनं आल्यापासनं मी रोज तेच धरून बसले हुते, की मीच आप्पांना पाडलं. मी पाळी सोडायचा अर्ज लिहून ठेवला हाय."

अयुबला तिच्याकडं बघता येईना. ऑइलच्या हातांनीच त्यानं कपाळ पुसलं. माफ कर म्हणावं असं त्याला वाटलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, की अर्ज देऊ नको.

मागं म्हाळूआप्पा उठून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी ती पॅकिंगं मागून घेतली, उजेडात धरून पाहिली आणि अयुबला परत दिली.

"अयुबभाई," ते म्हणाले, "मी पडलो ते मी उतरलो म्हणून. पोरगी बस म्हणत हुती. त्यातलं थोडं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या." मग थोडा वेळ दम घेऊन ते म्हणाले, "पर तिला जे बोलला हुतात, लक्ष कुठं असतं म्हणून, ते तिनं घरी येऊन सांगितलं न्हवतं. मला आत्ता कळलं तिच्या तोंडनं. ते तुमचं."

"व्हय," अयुब म्हणाला. "ते माझं."

अयुबनं कॉइलची वायर लावली, सीट खाली केली. गाडी चालू झाली. त्यानं प्राचीला विचारलं, थोडा वेळ मी चालवू का. तिनं नको म्हटलं नाही. ती मागं वडिलांच्या पायाशी बसली आणि पारगावचा पूल येण्याआधीच झोपली. तोंड उघडं, मान काचेला टेकलेली. अयुबनं पूल सावकाश पार केला. मग चौफुल्यापासून त्यानं मुद्दाम वेग धरला, सत्तरपर्यंत नेला, तसाच ठेवला. इंजिन कुठंही अडखळलं नाही. एरवी चांगलं काम झालं की त्याला आतून बरं वाटायचं. आज नुसतंच मोकळं झाल्यागत वाटलं, जड ओझं उतरवल्यावर हात काही वेळ बधिर असतात तसं.

दौंडला त्यांचं घर रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या वस्तीत होतं. म्हाळूआप्पांची बायको, रतनबाई, दारातच उभी होती. तिनं नवऱ्याला धरून आत नेलं, पलंगावर निजवलं आणि मग अयुबकडं वळून हातपाय धुवायला पाणी दिलं. जेवल्याशिवाय जायचं नाही, असं तिनं न विचारताच ठरवून टाकलं होतं. अयुबनं भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी म्हाळूआप्पांचा रेल्वेच्या गणवेशातला जुना फोटो होता. त्यात ते किती रुंद होते.

निघताना प्राचीनं त्याला एसटी स्टँडवर सोडलं. तिला तिथूनच पुढं कुरकुंभला पाळीवर जायचं होतं. स्टँडवर तिनं गाडी बंद केली आणि विचारलं, की तो अंगठ्याचा प्रकार मला दाखवाल का. पुन्हा कधी बंद पडली तर पंप आहे का दुसरं काही, एवढं तरी कळावं. इंजिन निवल्यावर अयुबनं सीट उचलली, कॉइलची वायर काढली आणि तिला दाखवलं. आधी ऑइलचा वास, मग बाटलीतली धार, मग अंगठा. तिनं स्वतः अंगठा ठेवला, त्यानं सेल्फ मारला. अंगठा ओढला गेला तसं तिनं त्याच्याकडं बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती थोडी हसली. "लई वढतंय," ती म्हणाली.

शिरूरची गाडी भरलेली होती. न्हावऱ्यापर्यंत अयुब उभाच होता.

घरी त्यानं मुमताजला सगळं सांगितलं. पॅकिंगं टेबलावर ठेवली. त्याला वाटलं होतं, आता ती म्हणेल की बघा, मी म्हणत होते, बंद करा. त्यानं तसं ऐकून घ्यायची तयारीही केली होती. पण मुमताज पॅकिंगं उलटीसुलटी करत राहिली आणि मग तिनं विचारलं, "और किसकी गाडी को लगाया ऐसा?"

अयुबनं याचा विचारच केला नव्हता. त्याच शीटमधून त्यानं आणखी कापली होती. जाड शीट स्वस्त पडतं, गळती एका झटक्यात थांबते, म्हणून हिवाळ्यापासून तो तीच वापरत होता.

सकाळी शेड उघडल्यावर त्यानं आधी फोन काढला. आंबळ्याच्या सतीशची जीप. सतीश म्हणाला, गाडी झकास चालते, कशाला उघडता. अयुबनं सांगितलं की माझ्या हातून चुकीचं पॅकिंग बसलंय, चढाला नाहीतर लांबच्या रस्त्याला त्रास देईल, घेऊन ये. सतीश हसला, म्हणाला, मिस्त्री, तुमच्यासारखा माणूस पाहिला नाही. पण आणतो म्हणाला. मग बेकरीवाला इम्तियाज. तो कुरकुरला. त्याची व्हॅन खारी-टोस्ट घेऊन रोज गावोगाव फिरायची, एक दिवसही थांबवता येत नव्हती. तरी दुपारी तो येऊन गाडी लावून गेला. अयुबनं सीट उचलली, पंप काढला. तीच दोन काळी पॅकिंगं. खरवडून काढायला वेळ लागला, उन्हानं आणि ऑइलनं ती लोखंडाला पक्की धरली होती. मध्ये दोनदा पाठ सरळ करायला त्याला थांबावं लागलं.

म्हाळूआप्पांची व्हॅन त्यानंतर रस्त्यात थांबली नाही. पंपाखालून ऑइल मात्र किंचित पाझरतं, प्राची फडक्यानं पुसते. मंगळवारी आणि शुक्रवारी वडील मशीनला असतात तेव्हा ती गॅरेजच्या सावलीला व्हॅन लावते आणि आत झोपते. अयुब तेवढा वेळ ठोकाठोकीचं काम काढत नाही.

त्याच शीटचं पॅकिंग लावलेली आणखी एक गाडी होती. पांढरी, जुनी, नगरकडच्या कुणाची तरी. जानेवारीत, बाजाराच्या दिवशी, घाईत आलेली. माणसाचा चेहरा आठवत होता, मागं दोन लहान मुलं बसलेली आठवत होती. नाव विचारलं नव्हतं, नंबरही नाही. अयुबनं पेट्रोलपंपावर सांगून ठेवलं आहे, चहावाल्याला सांगून ठेवलं आहे, की अशी गाडी दिसली तर माझ्याकडं पाठवा. अजून आलेली नाही.